मावशींचे बूट

ऑक्टोबर आला की माझं डोकं फिरतं. मिशिगनमधल्या आमच्या अख्ख्या ट्रॉय गावाचं मन रमतं आणि माझं डोकं फिरतं. मेपल लाल झाले म्हणून लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, सफरचंदाचा रस काढणाऱ्या सायडर मिलवर रांगा लावून गरम डोनट खातात, दारात भोपळे मांडतात, आणि मराठी मंडळाच्या ग्रुपवर भोंडल्याचं निमंत्रण येतं. यंदाचं गेल्या आठवड्यात आलं. हत्तीचं चित्र, भोवती झेंडूची माळ, खाली पत्ता, आणि पत्त्याखाली एक ओळ: 'खिरापतीचं टेन्शन नको, यंदा आमच्याकडे मावशी आल्यात!' त्यापुढे टाळ्या वाजवणारे पिवळे हात. मी फोन पालथा ठेवला आणि भांडी घासायला घेतली. डिशवॉशर रिकामा होता, तरी हातानेच घासली. सोफ्यावरून माझा नवरा मिलिंद म्हणाला, "काय झालं? भांड्यांनी काय केलंय तुझं?"

भांड्यांनी काही केलेलं नाही. जे केलंय ते माणसांनी, आणि तेही चांगल्या शिकलेल्या, गोड बोलणाऱ्या, दिवाळीला घरी केलेल्या चकलीचा डबा पोचवणाऱ्या माणसांनी.

मी नागपूरची. आमच्याकडे भोंडला नसतो, भुलाबाई असते. शेजारपाजारच्या पोरी जमायच्या, टिपऱ्या वाजायच्या, गाणी व्हायची आणि शेवटी झाकलेला डबा कानाशी खुळखुळवून 'खाऊ ओळखा' असं व्हायचं. इथे आल्यावर पुण्या-मुंबईच्या बायकांकडून भोंडला शिकले. हत्ती नवा, फेर नवा, खाऊला खिरापत म्हणायचं एवढंच नवं. गाण्यांतलं दुखणं मात्र तेच. सून माहेरी जायला निघते आणि घरातल्या कोणाला ना कोणाला तिच्यासाठी आणखी एक काम आठवतं. आपण ती गाणी हसत हसत म्हणतो. त्या सुनेचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही, कारण तोवर खिरापतीची वेळ झालेली असते.

मला आठवतो तो भोंडला गेल्या वर्षीचा, रश्मीच्या बेसमेंटमधला. रश्मी आमच्या मंडळाची कल्चरल सेक्रेटरी. घर मोठं, नवरा गाड्यांच्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर, दोन मुलं. कॉफी टेबलावर तांदळाचा हत्ती काढला होता. शिवलेल्या नऊवाऱ्या, नाकात चापाच्या नथी आणि बेसमेंट गार म्हणून सगळ्यांच्या पायांत मोजे. फेर धरताना मोजे कार्पेटवर घसरत होते आणि आम्ही एकमेकींना धरून खिदळत होतो. वरून तुपात रवा भाजल्याचा वास येत होता. खिरापत काय असेल ते नाकाला कधीच कळलं होतं, तरी आम्ही नाटक करत होतो, "तिखट का गोड? ओल्या नारळाचं का?"

तेवढ्यात जिन्यावरून ताट घेऊन इंदुबाई उतरल्या.

त्यांचं नाव इंदुमती. मी ते आधीच सांगून ठेवते, कारण त्या घरात ते कोणाच्या तोंडून ऐकू आलं नाही. सगळ्यांसाठी त्या 'मावशी'. बार्शीच्या. पुण्यात रश्मीच्या सासरी कित्येक वर्षं कामाला होत्या. रश्मीला दुसरं बाळ झालं तेव्हा बाळंतपणापुरतं म्हणून त्यांना इकडे आणलं. ते बाळ आता प्रीस्कूलला जायला लागलं होतं, इंग्रजीत हट्ट करत होतं, आणि इंदुबाई अजून इथेच होत्या. व्हिजिटर व्हिसावर आलेली बाई इतका काळ कशी राहते हे कोणी विचारलं तर रश्मी म्हणायची, "व्हिसाचं आम्ही बघतोय गं."

त्या दिवशी फेर संपल्यावर कोणीतरी म्हणालं, "रश्मी, सांभाळ बाई. माझ्या नणंदेकडची मावशी एक दिवस गेली ना निघून!" तर रश्मी खळखळून हसली. "कुठे जातायत! त्यांचा पासपोर्ट मी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलाय. माझ्या तन्मणीच्या शेजारी. इतकं जपते मी त्यांना."

"लकी आहेस यार," बायका म्हणाल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लपवून ठेवलेली गोष्ट एखाद्याच्या तोंडून चुकून निसटते, तसं ते नव्हतं. ती अभिमानाने सांगत होती. माणसाचा पासपोर्ट सोन्याबरोबर कुलपात घालणं म्हणजे प्रेम, असं तिला मनापासून वाटत होतं. ही चूक आपणच करू शकतो. दागिने लॉकरमध्ये, लोणचं बरणीत, मावशी स्वयंपाकघरात. ज्याची त्याची जागा ठरलेली आणि वर आपण किती जपतो याचं कौतुक.

मी ताटल्या उचलायचं निमित्त करून वर गेले. इंदुबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी आधी जिन्याकडे पाहिलं, मग हळूच म्हणाल्या, "ताई, माझ्या लेकीचं दिवस भरत आल्यात. दिवाळीच्या आसपास. पहिलटकरीण हाय. सासू न्हाई तिला, घरात बाईमाणूस न्हाई. मला जायचंय. तुमी बाईस्नी सांगा की."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"लई येळा सांगितलं. म्हणत्यात, बघू."

मी तिथल्या तिथे रश्मीला गाठलं. ती म्हणाली, "हो गं, माहितीये मला. पण नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगला माझे सासू-सासरे येतायत. ते झालं की बघू." त्याआधी, म्हणे, मोठीचा भरतनाट्यमचा अरंगेत्रम होता. त्याआधी किचनचं रिमॉडेलिंग. आणि सासू-सासरे गेले की कडाक्याचा हिवाळा, त्यात कुठे म्हाताऱ्या बाईला विमानात बसवायचं! दर वेळी कारण इतकं गोड की ऐकणाऱ्याला वाटावं, बिचारी किती विचार करते.

निघताना गराजच्या दाराशी बसून मी बूट चढवत होते. तिथे सगळ्या घराची पादत्राणं ओळीने लावलेली. नवऱ्याचे बर्फातले बूट, रश्मीचे लोकर लावलेले, मोठीचे जांभळे, धाकट्याचे बेडकाच्या डोळ्यांचे हिरवे. आणि कडेला एक निळी रबरी स्लिपर, टाचेशी झिजून पातळ झालेली. मी इंदुबाईंना विचारलं, "तुमचे बूट कुठायत?" त्या म्हणाल्या, "मला कुटं जायचंय, ताई? कचऱ्याच्या डब्यापत्तुर तर जाती." पुढे म्हणाल्या, "लांब दिसली तर पोलीस धरत्यात, असं साहेब म्हणत्यात." मिशिगनचे हिवाळे त्या बाईने स्लिपरवर काढले होते, कारण तिने बाहेर पडायचंच नव्हतं. त्या दिवशी गाडीत बसून मी स्टिअरिंगवर हात आपटला आणि हॉर्न वाजला, शेजारच्या अंगणात पानं गोळा करणारा माणूस दचकला.

टेस नसती तर माझा राग तिथेच विरून गेला असता, अशी मला शंका आहे. आपल्याकडे राग पटकन येतो आणि चहाबरोबर उतरतो. टेस माझ्या हॉस्पिटलमधली नर्स, फिलिपिन्सची. मी फार्मसीत, ती डायलिसिसला. आमची मैत्री ब्रेकरूमच्या मायक्रोवेव्हवर जुळली. तिने सुके मासे गरम केले की लोक नाकं मुरडायचे, मी लसणाची फोडणी दिलेली मेथी गरम केली की तेच. मग आम्ही दोघी एकाच कोपऱ्यात बसायला लागलो. तिच्या डब्यातला भात आणि माझ्या डब्यातला भात, दोघींनाही त्यावाचून जेवल्यासारखं वाटत नाही.

त्याच आठवड्यात टेस म्हणाली, "नीला, माझ्या भाचीने सिनेमा केलाय. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये दाखवणार आहोत. तू यायचंच." भाचीला कोणी पैसेवाला निर्माता मिळाला नव्हता. गावातल्याच लोकांना घेऊन, उसना कॅमेरा घेऊन, आपल्याच बेटावर तिने तो केला होता. थिएटरवाले घेत नव्हते म्हणून चर्चचे हॉल, लायब्रऱ्यांच्या खोल्या, जिथे पडदा टांगता येईल तिथे दाखवत होती. गोष्ट तिच्या आईची, म्हणजे टेसच्या थोरल्या बहिणीची. परदेशात एका घरी कामाला गेली आणि अडकली. कित्येक वर्षांनी परत आली तेव्हा घरात बसताना विचारायची, "बसू का?" एवढं सांगून टेसने डबा बंद केला. सिनेमाचं नाव त्यांच्या भाषेतलं होतं, अर्थ मी विचारला. टेस म्हणाली, "घरच्यासारखी."

मी चमचा खाली ठेवला. टेसने विचारलं, "काय झालं?" मी तिला लॉकर, तन्मणी, स्लिपर सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "याला नाव आहे, नीला. आणि कायदाही आहे." घरी मी मुलीला सांगितलं तर तीही लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली, "आई, धिस इज लिटरली ट्रॅफिकिंग." मला मात्र ट्रॅफिकिंग, म्हणजे माणसांची तस्करी, हा शब्द ऐकला की बंद ट्रक, गुंड, साखळ्या असं काहीतरी डोळ्यांपुढे यायचं. रव्याच्या लाडवांचा वास येणारं घर कधी आलं नव्हतं.

आपल्या लोकांनीही हा सिनेमा बघावा असं मला फार वाटलं. दिवाळीच्या कार्यक्रमाच्या दुपारी हॉल आपल्याकडे असतोच. मी रश्मीला फोन केला. होय, रश्मीलाच, कल्चरल सेक्रेटरी तीच ना! ती म्हणाली, "नीलाताई, आपला फॅमिली ऑडियन्स आहे. दिवाळीत हे असलं डिप्रेसिंग कोण बघणार? आणि ते त्यांचे प्रॉब्लेम आहेत हो, फिलिपिनो लोकांचे. आपल्यात असं काही नसतं." आणि त्याच दमात फोन जरा बाजूला धरून, "मावशीऽ, बाळाला घ्या जरा, मी कॉलवर आहे!"

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! त्यांच्यातली ती अडकवलेली मोलकरीण, आपल्यातली ती घरची मावशी. शब्द बदलला की गुन्हा संपला. मी एवढंच म्हणाले, "बरं. मग शनिवारी मी इंदुबाईंना देवळात नेऊ का?"

"कोणाला?" रश्मीने विचारलं.

खरंच विचारलं तिने. मी म्हटलं, "मावशींना." तेव्हा तिला कळलं. "हो, न्या ना. पण दर्शन झालं की लगेच आणून सोडा हं." शेजारणीला कुकर द्यावा तसं बोलली.

शनिवारी पाऊस होता, मिशिगनचा तो ऑक्टोबरमधला, अर्धा बर्फ आणि अर्धं पाणी असा, हाडात शिरणारा. मी मुलीचे जुने बूट नेले होते, काळे, आत लोकर असलेले. इंदुबाईंनी गाडीत बसून ते घातले, पाय हलवून बघितले आणि म्हणाल्या, "लई ऊब हाय की ओ!" देवळात आधी खरंच गेलो. खोटं बोलायला माझी हरकत नव्हती, पण त्यांना देवीला नमस्कार करायचा होता. मग गाडीत मी त्यांना सांगितलं की आपण एक सिनेमा बघायला जातोय, परमुलखातला आहे, एका कामवाल्या मुलीचा आहे, नको असेल तर घरी सोडते. त्या म्हणाल्या, "बघू की. घरी काय, कपडं वाळायचीत."

चर्चच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या होत्या. मागच्या टेबलांवर शेवयांसारखे नूडल्स, तळलेले छोटे रोल आणि भाताचं मोठं पातेलं. म्हाताऱ्या बायका, नर्सेस, खांद्यावर झोपलेली पोरं. टेसने इंदुबाईंचा हात हातात घेतला आणि पुढच्या रांगेत बसवलं. भाषा त्यांची, खाली अक्षरं इंग्रजी. इंदुबाईंना दोन्ही येत नव्हतं. मी कानात सांगायला लागले तर त्यांनी माझा हात दाबला, "कळतंय, ताई. गप बसा."

पडद्यावर समुद्र होता, वाळत घातलेले मासे होते. गावात येणारी एक बाई होती, ओठ रंगवलेली, पोरांना खाऊ वाटणारी, मुलीच्या आईला 'बहिणी' म्हणणारी. मग विमानतळ, आणि मग ते घर. मी श्वास रोखून वाट बघत होते की आता मालकीण मारेल. मारलंच नाही तिने. ती आवाजसुद्धा चढवत नव्हती. मुलीच्या वाढदिवसाला केक आणला, तिला मध्ये उभं करून फोटो काढला. तिचा पासपोर्ट ओढणीत गुंडाळून आपल्या कपाटात ठेवला, अगदी हळुवार हाताने. तो केक बघून मला जितका संताप आला तितका चाबूक बघून आला नसता.

मुलगी रोज फाटकाशी झाडांना पाणी घालते. समोरून बस जाते. एके दिवशी ती हात वर करते. का करते तिलाही कळत नसावं. बस थांबते आणि दार उघडतं. ड्रायव्हर वाट बघतो. मुलगी स्लिपरवर उभी आहे, हातात पाण्याची नळी, आणि तिला सांगता येत नाही कुठे जायचंय ते. पाणी तिच्या पायांवर सांडतंय.

"अगं चढ की!" इंदुबाई ओरडल्या. भर हॉलमध्ये, मोठ्याने. "चढ! काय बघतीस? चढ, माझ्या बाई!"

सगळ्यांच्या माना वळल्या. मला वाटलं कोणीतरी श्श करेल. तर आमच्या मागच्या रांगेतली एक म्हातारी उठली आणि आपल्या भाषेत पडद्याकडे हात करून तेच ओरडली. तेच असणार, दुसरं काय असेल? मग आणखी एक ओरडली. त्या अंधारात कितीतरी बायका एका मुलीला बसमध्ये ढकलत होत्या. बसचं दार बंद झालं. ती तिथेच राहिली.

दिवे लागले तेव्हा इंदुबाईंचा पदर ओला होता. टेस खाण्याची ताटली घेऊन आली आणि समोर गुडघ्यांवर बसली. इंदुबाई तिच्याकडे बघत मराठीत बोलल्या, मी सांगत गेले. "माझा पासपोर्ट त्यांच्याकडं हाय. मला माझ्या लेकीकडं जायचंय. ती बाळंत व्हायच्या आदी." ही तिन्ही वाक्यं त्या इतक्या दिवसांत स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या. आता मोकळ्या आवाजात म्हणाल्या.

टेस म्हणाली, "मग आत्ताच जाऊ."

टेसच्या ओळखीची एक वकील बाई होती, अशा बायकांना फुकट मदत करणारी. तिच्याशी फोनवर बोलून आम्ही निघालो. रश्मीच्या दाराशी मी सवयीने बूट काढायला वाकले. इंदुबाई वाकल्या नाहीत. त्या चिखलाच्या, पावसाच्या, मुलीच्या जुन्या बुटांनिशी सरळ आत गेल्या, पांढऱ्या गालिच्यावरून, हॉलमधून थेट स्वयंपाकघरात, ज्या फरशीवर रोज गुडघे टेकून फडकं मारत होत्या त्या फरशीवर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना इतकी वर्षं घरात काम करताना पाहणाऱ्या कोणालाही मी विचारीन, त्यांनी कधी उंबऱ्याच्या आत पादत्राण आणलं होतं का? आपल्या घरात हे कोणी करत नाही. मूलसुद्धा करत नाही.

रश्मी किंचाळली, "मावशी, बूट! आधी बूट काढा!"

"काडनार न्हाई," इंदुबाई म्हणाल्या. "पासपोर्ट द्या माझा. मी निघाली."

त्यानंतर जे झालं ते सांगताना अजून माझा आवाज चढतो. रश्मी रडायला लागली. आम्ही तुम्हाला कधी वेगळं ताट दिलं का, आम्ही तुम्हाला मोलकरीण म्हटलं का, बाळ तुम्हाला आजी म्हणतं, त्याला कोण बघणार? तिचा नवरा रडला नाही. तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, तुम्ही उगाच इश्यू करताय. यांचा व्हिसा संपलाय. पोलीस आले तर यांनाच घेऊन जातील." म्हणजे बघा, व्हिसा संपू दिला यांनी, कुलूप यांचं, आणि धाक तिला! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मी तोंड उघडणार तेवढ्यात टेसने, 'पोलीस' एवढा शब्द ओळखून, आपला फोन काढून ओट्यावर ठेवला आणि रुग्णांशी बोलायच्या तिच्या त्या मऊ आवाजात म्हणाली, "प्लीज, कॉल देम. आय विल वेट."

त्याने फोनला हात लावला नाही.

इंदुबाई त्या दिवशी माझ्याकडे आल्या. बँक उघडली तेव्हा रश्मीच्या नवऱ्याने पासपोर्ट आणून पार्किंग लॉटमध्ये माझ्या हातात दिला, झिपलॉकच्या पिशवीत. पिशवीवर रश्मीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मावशी'. वकील बाई म्हणाल्या, थांबलात तर केस उभी राहील, तुमच्या कष्टाचं सगळं वसूल करता येईल. इंदुबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "केस तुमी करा. माझ्या लेकीच्या कळा थांबनार हायत का?" त्यांचं बरोबर होतं. पण सुटलेल्यांना घरी जायची घाई असते, म्हणूनच अडकवणारे सुटतात, याचा राग मी कुठे ठेवू?

विमानतळावर त्या रडल्या, त्या मुलासाठी. "त्याला भात मऊ लागतो," असं सांगत होत्या मला. बूट पायात तसेच होते. मी म्हटलं, बार्शीत कुठे घालणार? तर म्हणाल्या, "असू द्या. कपाटात ठिवीन."

त्यांचं विमान आकाशात असतानाच लेक बाळंत झाली. शेजारची बाई सोबत होती. मुलगी झाली. मुंबईत उतरून इंदुबाईंनी मला फोन केला, मागे लाउडस्पीकरची घोषणा चालू होती. त्या एकच वाक्य म्हणाल्या, "बगा, ते थँक्सगिविंग नडलं." वास्तविक थँक्सगिव्हिंग अजून यायचं होतं. पण त्यांना जे म्हणायचं होतं ते मला कळलं, आणि मी किचनच्या फरशीवर बसून रडले. रागाने रडले. एका आईला लेकीच्या उशाशी एवढंसं बसायचं होतं. कोणी मारलं नाही तिला, उपाशी ठेवलं नाही. फक्त गोड गोड बोलून तिची ती वेळ खाल्ली. ती परत कुठून आणून देणार?

मंडळात काय झालं म्हणता? काहीही नाही. रश्मी अजून सेक्रेटरी आहे. माझ्याशी मात्र ग्रुपवर लोक जपून बोलतात. 'घरातली गोष्ट बाहेर नेली' असं माझ्याबद्दल म्हणतात, 'रश्मीच्या ग्रीन कार्डला प्रॉब्लेम आला असता' असंही म्हणतात. मिलिंदसुद्धा तेव्हा म्हणाला होता, "यार नीला, हात दाखवून अवलक्षण." आता म्हणत नाही. त्यानेच माझ्या गाडीच्या डिकीत एक नवा बुटांचा जोड ठेवलाय. कोणासाठी म्हणून विचारलं तर म्हणाला, "तुला लागेल."

आणि काल तो भोंडला झाला. केतकीकडे, जिच्या निमंत्रणात मावशी आल्या होत्या. मी जाणार नव्हते आणि जाणारच होते. दाराशी चपला-बुटांचा ढीग होता. मी वाकून सगळा ढीग बघितला, लोकांना वाटलं असेल काही हरवलंय माझं. कोपऱ्यात एक स्लिपर होती, हिरव्या पट्ट्याची. खाली फेर धरला, मोजे घसरले, सून माहेरी निघाली, तिला काम सांगितलं गेलं. कोणीतरी म्हणालं, "केतकी, फक्त मावशींना सिनेमाला पाठवू नकोस हं नीलाताईंबरोबर!" आणि सगळ्या हसल्या. एवढं सगळं होऊन त्यांनी शिकलेला धडा हा.

मग ती जिन्यावरून उतरली. इंदुबाईंपेक्षा तरुण, हातात झाकलेला डबा. "ओळखा ओळखा!" बायका ओरडल्या. कोणी म्हणालं तिखट, कोणी गोड, कोणी म्हणालं सुरळीच्या वड्या.

मी म्हटलं, "मला डब्यातलं नको. तुमचं नाव सांगा."

तिने माझ्याकडे बघितलं, मग केतकीकडे बघितलं. स्वतःचं नाव सांगायला तिने तिच्याकडे बघितलं.

केतकी हसून म्हणाली, "अहो, मावशीच म्हणा. त्यांना तेच आवडतं."

मी दोन्ही बाजूंचे हात सोडले. फेरातून निघाले, जिना चढले, पाय बुटांत घातले आणि गाडीपाशी जाऊन डिकी उघडली. तो नवा जोड काखेत मारला. बाहेर पानं पडत होती, सगळीकडे नुसती लाल. परत आत जाताना मी माझे बूट काढले नाहीत.